सुप्याची साइट सांभाळताना

गुगलला विचारलं तर सुपा म्हणजे एकतर धरण, नाहीतर पारनेरची एमआयडीसी. आमचं सुपा तिसरं. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेलं आणि काळी जलविद्युत प्रकल्पात पाण्याखाली गेलेलं. गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंच आणि ३३२ मीटर लांब भिंत उभी राहिली. माणसं रामनगरला आणि जिथं ज्याची सोय झाली तिथं गेली. ज्या तालुक्याला गावाचं नाव होतं, त्याला आता सगळे जोयडा म्हणतात. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘तालुका सुपा’ आहे. पुतणीनं तो दाखला बघून विचारलं, “काका, हे पुण्याकडचं का?”

त्या प्रश्नातून साइट सुरू झाली असं मी लोकांना सांगतो. त्यात अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मी बेळगावात डीटीपीचं काम करायचो, छापखान्यातलं काम आटत चाललं होतं आणि संध्याकाळी हात रिकामे असायचे.

साइट लहान आहे. घरं, माणसं, देवळं, जत्रा, शाळा, बाजार आणि फोटो. ती चालवताना जे कळलं ते इथं लिहितो. गाव बुडालेलं असो, उठलेलं असो की ओळखू येणार नाही इतकं बदललेलं असो, त्याची साइट करणाऱ्याला हे उपयोगी पडावं. स्वतःच्या कविता टाकणाऱ्याला थोडं कमी पडेल.

१. आपल्या गावाच्या नावाचं दुसरं गाव असतंच, असं धरून चालावं.

पारनेर तालुक्यात सुपे आहे. बारामती तालुक्यातही आहे, आणि ते शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे इतिहासाच्या पुस्तकांत जाऊन बसलंय. त्यांच्याशी आमची काय बरोबरी! म्हणून प्रत्येक पानाच्या मथळ्यात ‘सुपा, तालुका जोयडा, उत्तर कन्नड’ एवढं सगळं लिहितो. वाचायला कंटाळवाणं आहे, पण शोधणारा माणूस मथळाच बघतो. शिवाय जुनी माणसं ‘कारवार जिल्हा’ म्हणतात, जुन्या कागदांत ‘उत्तर कानडा’ येतं, तालुक्याचं नाव कोणी जोयडा लिहितं, कोणी जोईडा. ही सगळी रूपं कुठल्या ना कुठल्या वाक्यात सहज येतील असं बघावं. पानाच्या तळाशी नावांची नुसती रांग लावून ठेवणं बरं दिसत नाही, आणि शोधयंत्रांनाही ती युक्ती आता जुनी झाली आहे.

साइटच्या पत्त्याचं म्हणाल तर २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ मिळतं आणि मनातून मला तेच हवं होतं. पण इंटरनेटच्या पोटात तो पत्ता रोमन अक्षरांच्या एका विचित्र रूपात फिरतो, ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांपासून सुरू होणारा. कधी निरोपात चिकटवला की तसाच उघडा पडतो आणि लोकांना वाटतं काहीतरी फसवाफसवी आहे. कितीतरी अर्ज आणि ईमेलच्या सोयी तो घेतच नाहीत. त्यात आमच्या आत्याला हा पत्ता फोनवरून दुसऱ्या आत्याला सांगायचा असतो. म्हणून ‘डॉट इन’ घेतलं, तेही आखूड आणि आडवी रेघ नसलेलं.

२. डोमेन विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं.

हे ज्याला कळलं त्याची साइट टिकते. मुदत संपली की थोडे दिवस सवलत, मग जबर दंड, मग नाव खुल्या बाजारात. चांगल्या चाललेल्या नावांवर टपून बसलेले लोक असतात. आमच्या भागातल्या एका मंडळाच्या स्मरणिकेवर छापलेला साइटचा पत्ता आज उघडून बघावा, जुगाराच्या जाहिराती दिसतात. देवाच्या नावाचं मंडळ आहे ते. नाव ज्याच्या ईमेलवर नोंदवलं होतं तो मुलगा नोकरीसाठी गेला, ईमेल बदलला, सूचना कुणाला गेल्याच नाहीत.

तेव्हा डोमेन स्वतःच्या नावावर घ्यावं आणि रोज उघडता त्या ईमेलवर नोंदवावं. साइट करून देणाऱ्या ओळखीच्या पोराच्या खात्यात ते ठेवू नये, पोरगा कितीही गुणी असला तरी. एकदम पुढच्या काही वर्षांचे पैसे भरून टाकावेत. वर्षाला हजाराच्या आसपास खर्च येतो, गणपतीच्या वर्गणीएवढा. होस्टिंगचा खर्च तर शून्यावरही आणता येतो. साधी पानं फुकट ठेवू देणाऱ्या गिटहब पेजेससारख्या सोयी आहेत. त्या उद्या बंद झाल्या तर पानं उचलून दुसरीकडं ठेवायची. पत्ता आपला असला की वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही की सामान हललं.

सर्टिफिकेटचं तेवढं बघावं. २०१८ पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस नसलेल्या साइटवर ‘असुरक्षित’ असा शिक्का दाखवतो. तो बघून रामनगरच्या एका काकांनी मला फोन करून सांगितलं होतं की तुझ्या साइटला रोग लागलाय. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, मात्र ते थोड्या मुदतीचं असतं आणि आपोआप नवं होण्याची सोय लावून ठेवावी लागते.

३. ज्याच्यासाठी करतोय त्याच्या फोनवर बघावं.

बेळगावात फायबरवर साइट छान पळते, त्यात काही मोठेपणा नाही. आमचा वाचक उळवीच्या वाटेवर आहे, डिग्गीकडं आहे, गुंदला आहे. तिथं रेंज घराच्या एका कोपऱ्यात, नाहीतर चढावरच्या ठरलेल्या दगडावर मिळते. पावसाळ्यात तीही जाते, आणि लाइटही. सुपा धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॅटचं वीजघर आहे. तालुक्यातल्या माणसांना हे वाक्य सांगितलं की ती जे हसतात ते ऐकण्यासारखं असतं.

म्हणून माझी पानं साध्या एचटीएमएलची. डेटाबेस नाही, हलणारी चित्रं नाहीत, स्वतःहून सुरू होणारं ‘गणाधीशा’ वगैरे संगीत तर नाहीच. देवनागरीचा सुंदर फॉन्ट साइटवर चढवण्याचा मोह छापखान्यातल्या माणसाला होणारच. पण अशी एक फाइल दोन-तीनशे केबीची सहज होते, आणि फोनमध्ये देवनागरी फॉन्ट आधीच बसवलेला असतो. तोच वापरावा. फोटो पानावर शंभर-दीडशे केबीच्या आतला, मोठा हवा असेल त्यानं त्यावर बोट ठेवावं. डेटाबेस नसल्याचा दुसरा फायदा असा की तोडफोड करायला येणाऱ्याला आत फोडण्यासारखं काही सापडत नाही, आणि दर आठवड्याला काहीतरी अद्ययावत करा म्हणून कुणी मागं लागत नाही.

४. जुनं टाइप केलेलं मराठी हे मराठी नसतं. ते आधी उतरवून घ्यावं लागतं.

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण हा माझा धंदा होता.

छापखान्यात आम्ही श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत काम करत होतो. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण संगणकाच्या दृष्टीनं तिथं कुठलंतरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असायचं. फॉन्ट काढून घेतला की मजकुराचा पार भुगा. गावच्या स्मरणिका, देवस्थानाचे अहवाल, लग्नपत्रिका हे सगळं असंच साठवलेलं आहे, सीडींवर. ते जसंच्या तसं साइटवर टाकलं तर कुणाला वाचता येत नाही, आणि पीडीएफ करून टाकलं तर शोधता येत नाही. ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावंच लागतं.

बदलून देणारी साधनं फुकट मिळतात, त्यांच्यावर विसंबू मात्र नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे. रूपांतरात नेमक्या याच दोन जागी घोटाळे होतात, आणि तिसरी जागा जोडाक्षरांची. म्हणून प्रूफ वाचताना मी सगळं वाचायच्या आधी एक फेरी नुसती वेलांट्या आणि रफारांची करतो. माणसांच्या आडनावांत चूक राहिली तर वंशावळच बिघडते.

याहून चिवट भानगड दिसतच नाही. ‘पायऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ घेऊन, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण शोधयंत्र त्यांना वेगळे शब्द समजू शकतं. देवळाच्या पायऱ्यांबद्दल चौघांनी लिहिलेलं असतं आणि शोधल्यावर दोघांचंच निघतं. ‘ॲ’चंही तसंच. स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीचे आणि जुन्या कीबोर्डांचे लोक ‘अ’वर चंद्र काढतात. आलेला मजकूर चढवण्याआधी हे सगळं एका वळणाचं करून घेणारी छोटी आज्ञावली लिहून ठेवावी. ती लिहिता येत नसेल तर ‘शोधा आणि बदला’ आहेच. छापखान्यात ज्याला आम्ही घराची शैली म्हणायचो तीच ही, फक्त आता ती न दिसणाऱ्या चिन्हांपर्यंत पोचली आहे.

५. प्रत्येक पानाचा साचा एकच असावा.

ही गोष्ट मी अलका विभास यांच्या ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाकडं बघून उचलली. तिथं गाणं कुठलंही असो, गीत, संगीत, स्वर ही माहिती ठरल्या जागी मिळते. एका व्यक्तीनं नेटानं उभ्या केलेल्या त्या कामाचा अर्धा दरारा या शिस्तीत आहे. माझ्याकडं प्रत्येक घराला एक पान: घर कुणाचं, शेजारी कोण, काय व्यवसाय, उठून कुठं गेले, कुणी सांगितलं, कधी सांगितलं. माहिती नसेल तिथं रकाना रिकामा ठेवतो. रिकामा रकाना बघून लोक फोन करतात. गोड भाषेत लिहिलेला निबंध बघून फक्त ‘छान’ म्हणतात.

६. फोटो पाठीमागूनही बघावा.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला येतो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं. त्याहून बरं म्हणजे स्कॅनर घेऊन आपण जावं. चिकट पानांच्या अल्बममधला जुना फोटो ओढून काढायला जाऊ नये, पान तसंच ठेवून वरून घ्यावा. जो सुटा आहे त्याची पाठ आधी स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का असतो, हल्याळचा, दांडेलीचा, बेळगावचा. कधी तारीख, कधी शाईनं लिहिलेलं नाव असतं. आणि तिथल्या तिथं, चहा यायच्या आत, डावीकडून उजवीकडं कोण कोण ते म्हाताऱ्या माणसाकडून वदवून फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यावं. पुढच्या खेपेला विचारू म्हणून ठेवलेली नावं सापडत नाहीत.

७. दुरुस्ती फोनवर येते.

साइटवर संपर्काचा अर्ज होता. त्यातून मला कर्ज, औषधं आणि साइट पहिल्या पानावर आणून देण्याच्या हमी एवढंच मिळालं. अर्ज काढला, फोन नंबर टाकला, तेव्हापासून खरी माणसं बोलू लागली. बहुतेक रात्रीच्या जेवणानंतर.

“अरे, आमचं घर देवळाच्या डावीकडं. तू उजवीकडं दाखवलंस की रे!”

“आक्का, तोंड कुणीकडं करून डावीकडं?”

“कुणीकडं म्हणजे? देवाकडं!”

ज्यांनी उजवीकडं सांगितलं होतं त्यांनी देवाच्या बाजूनं बघून सांगितलं होतं. दोघांचंही बरोबर. तेव्हापासून डावं-उजवं बंद, नदीच्या अंगाला आणि डोंगराच्या अंगाला असं लिहितो. नदीबद्दल दोन मतं होत नाहीत.

पण काही बाबतींत होतात. विहीर कुणी बांधली, जत्रेचा मान कुणाचा. असल्या ठिकाणी न्यायाधीश व्हायला जाऊ नये. दोन्ही सांगणी शेजारी शेजारी ठेवावीत, सांगणाऱ्याचं नातं आणि तारीख लिहावी. लोक रागावतात, पण साइट सोडून जात नाहीत, कारण आपलं म्हणणंही तिथं असतं. सीमाप्रश्न मात्र मी साइटवर येऊ देत नाही. त्यासाठी इतर जागा पुष्कळ आहेत.

८. काय टाकायचं नाही हे आधी ठरवावं.

लोक विश्वासानं सगळं काढून देतात. नुकसानभरपाईचे कागद, सर्व्हे नंबर, भावाभावांतल्या वाटणीचे कागद. ते घरी सुखरूप ठेवून द्यावेत, साइटवर नाही. जिवंत माणसाचा फोटो त्याला विचारून टाकावा, आणि कुणी काढ म्हटलं तर कारण न विचारता त्याच दिवशी काढावा.

पाणी कमी असताना आत उतरायच्या वाटा, जंगलातल्या देवस्थानांच्या नेमक्या जागा मी देत नाही. भोवती काळी व्याघ्र प्रकल्प आहे, पलीकडं धरणाची हद्द. नकाशावर खूण टाकली की पुढच्या शनिवारी गाड्या लागतात. तसंही मला येणाऱ्या फोनांत गणेशगुडीच्या राफ्टिंगचं बुकिंग विचारणारे कमी नाहीत. सुपा म्हणजे धरण आणि धरण म्हणजे रिसॉर्ट, असा त्यांचा हिशोब. एका रिसॉर्टवाल्यानं जाहिरातीचे पैसे देऊ केले होते. घेतले असते तर वर्षभराचा खर्च निघाला असता आणि आक्काच्या घराच्या पानावर तरणतलाव दिसला असता.

छापलेल्या मजकुराचं सोपं आहे. कानडा जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८३ सालचं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला पंधरावा खंड. त्यावर आता कुणाचा हक्क नाही, त्यातलं सुप्याविषयीचं खुशाल द्यावं. वर्तमानपत्रांची कात्रणं अख्खी चढवू नयेत. आपल्या शब्दांत सार, अंकाची तारीख, बस.

९. पोरांना मराठी वाचवत नसेल तर दोष पोरांना देऊ नये.

१८६२ पासून १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबईकडं होता, पुढं म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. आमच्याकडं घरात कोंकणी, भजनात मराठी आणि शाळेत कन्नड. रामनगरची आजची पोरं कन्नड माध्यमात शिकली. देवनागरी त्यांना हिंदीमुळं येते, पण लांब मराठी परिच्छेद बघून ती थकतात. माझी मराठी पानं वाचायला त्यांना आजी लागायची. हेही वाईट नव्हतं म्हणा. पण आजी कायम असतेच असं नाही.

म्हणून मुख्य पानं कन्नडमध्येही आहेत. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं की घरांची आणि नात्यांची नावं हास्यास्पद होतात, तेव्हा गावातल्याच एका शिक्षिकेनं ती बसून लिहिली. दुवा कन्नड लिपीतच ठेवावा. ‘कन्नडमध्ये वाचा’ असं मराठीत लिहिलं तर ज्याला ते हवंय त्यालाच वाचता येत नाही. पानाच्या कोडमध्ये भाषा नोंदवायची असते, तीही नोंदवावी. वाचून दाखवणारी साधनं त्यावरच चालतात, आणि डोळे अधू झालेल्या आमच्या वाचकांची संख्या वाढतीच आहे.

१०. पानाचा पत्ता एकदा दिला की बदलायचा नाही.

वेबचा जनक टिम बर्नर्स-ली यानं १९९८ साली हेच सांगणारं टिपण लिहिलं होतं, तरी सरकारी खाती नवी साइट केली की जुने सगळे दुवे मोडतात. आमच्या घरांच्या पानांचे पत्ते लग्नपत्रिकेच्या मागं, कुलदैवताच्या पावतीवर आणि एका पीएच.डी.च्या तळटीपेत गेलेत. ते आता कुणाच्या हातात राहिले नाहीत.

११. प्रती ठेवाव्यात, आणि त्या उघडून बघाव्यात.

जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये. लाखो लोकांची पानं तिथं होती. फेसबुकवर गावाचा गट असायला हरकत नाही, पण मूळ फाइल आपल्याकडं हवी. माझ्याकडं एक प्रत घरच्या डिस्कवर, एक पुण्याला भावाकडं, एक इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये. तिथं आपल्या पानाचा पत्ता देऊन ‘जतन करा’ म्हणता येतं, पैसे पडत नाहीत. चौथी प्रत कागदावर, रामनगरला, बाइंडिंग करून. ज्यांनी साइट कधी उघडली नाही त्यांनी त्या वहीत पेन्सिलीनं दुरुस्त्या केल्यात. त्या वाचून साइट सुधारतो, म्हणजे आता मूळ प्रत कुठली हे सांगणं अवघड झालंय.

१२. वारस आपण हयात असताना नेमावा.

पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालावेत. डोमेन कुठं, होस्टिंग कुठं, फाइली कुठं, पुढचे पैसे कधी भरायचे, हे घरातल्या एकाला दाखवून द्यावं, आणि त्याच्याकडून एक तरी दुरुस्ती आपल्यासमोर करून घ्यावी. नुसतं पाकीट दिलं की ते कपाटात राहतं. माझी पुतणी धारवाडला शिकते. तिला किल्ल्या दिल्या तेव्हा मी अट घातली होती की मोठं काही बदलायच्या आधी विचारायचं. तिनं पहिल्याच दिवशी मुखपृष्ठावरचा माझा फोटो आणि ‘संपादकाचे मनोगत’ काढून टाकलं आणि त्या जागी घरांची यादी आणली. विचारलं तर म्हणाली, “काका, हे मोठं नव्हतं.” पान आता लवकर उघडतं.